सगळ्या मोटारी सारख्याच का दिसतात?

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतल्या एका मुलीने थर्मोकोलची मोटार मांडली होती. नाक खाली झुकलेले, पुढची काच आणि टप मिळून एकच कमान, मागे टप हलकेच उतरत गेलेला आणि शेपटीपाशी सुरीने कापावा तसा एकदम तुटलेला. मागे तक्त्यावर लिहिले होते, 'हवेचा कमीत कमी विरोध सोसणारी मोटार'. मला आकार ओळखीचा वाटला. कुठल्याशा जाहिरातीतली गाडी पाहून केलेला दिसतो, असे मनात आले आणि मी गुणपत्रिकेवर शेरा मारला : 'कल्पना उसनी. नावीन्य नाही.'

संध्याकाळी निकाल लागला. सामानाची आवराआवर चालू असताना ती मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. रडत नव्हती, भांडतही नव्हती. "सर, एवढी वही पाहता का?" इतकेच म्हणाली.

वहीत चौदा आकार काढलेले होते. टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल कापून तिने ते एकामागून एक तयार केले होते. समोरून पाहिले तर प्रत्येकाची रुंदी आणि उंची तीच. आत खिळे खुपसून वजनही सारखे केलेले. प्रत्येक ठोकळा पुढेमागे दोन दोऱ्यांनी टांगायचा, समोर टेबलफॅन लावायचा आणि दोरा किती अंशांनी तिरपा होतो ते कोनमापकाने मोजायचे. पंख्याची हवा गरगरत येते, म्हणून मध्ये कागदी स्ट्रॉ एकावर एक रचून त्यांची जाळी केलेली. त्या नळ्यांतून हवा सरळ होऊन येते. ही युक्ती तुला कुणी सांगितली, असे मी विचारले, तर म्हणाली, "ठोकळा सारखा गिरक्या घेत होता, म्हणून सुचली." मोठमोठ्या प्रयोगशाळांतल्या वातविवरांत, म्हणजे हवेच्या बोगद्यांत, नेमकी अशीच मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसवलेली असते!

पहिला आकार साधा चौकोनी ठोकळा होता. त्याचा दोरा आठ अंश कलला. चौदाव्याचा तीन अंश. आणि हा चौदावा आकार म्हणजेच टेबलावर मांडलेली ती मोटार. जाहिरातीतली गाडी तिने पाहिलीच नव्हती असे मी म्हणत नाही, रस्त्यावर दिसतातच. पण ती तिथे पोचली स्वतःच्या पायांनी.

निकाल जाहीर झालेला होता, तो काही बदलता आला नाही. तेव्हापासून एक प्रश्न मात्र माझ्या डोक्यात घोळतो आहे. दोन वस्तू सारख्या दिसल्या की आपण लगेच 'नक्कल' म्हणतो. तसे असेलही. पण दर वेळी तसेच असते का?

सायकलचे उदाहरण

मोटारीकडे वळण्याआधी तुमच्या सायकलीकडे पाहू या. कोणत्याही कंपनीची, कोणत्याही देशातली साधी सायकल डोळ्यांपुढे आणा. दोन सारखी चाके, मध्ये पायडल, तिथून मागच्या चाकाला गेलेली चेन आणि नळ्यांची चौकट. रंग आणि नाव पुसून टाकले तर कंपनी ओळखणे कठीण.

साधारण १४० वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या रस्त्यावर उभे राहिला असतात, तर हे चित्र दिसले नसते. एखादी सायकल पुढे माणसाएवढे अजस्र चाक आणि मागे छोटेसे चाक घेऊन चाललेली. एखादी तिच्या उलट, पुढे लहान आणि मागे मोठे. कुणी तीन चाकांवर, कुणी चारांवर. एकीला चेन, तर दुसरीला दांडे आणि तरफा.

पुढचे चाक इतके मोठे कशासाठी? शोभेसाठी नव्हे. त्या सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेले असे. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. तेव्हा एका फेऱ्यात जास्त अंतर हवे तर चाक मोठे करा, दुसरा उपाय नाही. ५४ इंची चाक, म्हणजे सुमारे १३७ सेंटिमीटर व्यास. त्याला π ने गुणा. एका फेऱ्यात ४.३ मीटर. याहून वेग हवा असेल तर चाक आणखी मोठे हवे. पण मग पाय पायडलपर्यंत पोचायला हवेत ना? म्हणजे सायकलीचा वेग स्वाराच्या टांगेच्या लांबीवर ठरायचा! शिवाय स्वार जवळजवळ आसाच्या वर बसलेला. पुढे दगड आला की सरळ डोक्यावर आपटायचा.

१८८५ साली कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल बाजारात आणली. पायडल मधे, चेन मागच्या चाकाला, आणि दोन्ही चाके जवळपास सारखी. आता तुम्ही एक करा. आपल्या सायकलीच्या पायडलजवळच्या चक्राचे दाते मोजा आणि मागच्या फ्रीव्हीलचे मोजा. समजा ४४ आणि १८ भरले. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ ÷ १८, म्हणजे सुमारे २.४४ फेरे घेते. २८ इंची चाकाचा परीघ २.२३ मीटर. गुणाकार केला की ५.४ मीटरच्या वर जातो. बुटक्या चाकाची सायकल उंच चाकाच्या सायकलीपेक्षा एका फेऱ्यात सव्वापट पुढे गेली, तीही स्वाराला जमिनीजवळ ठेवून. उंच चाकाचे प्रयोजनच संपले.

एक अडचण उरली. लहान चाक खड्ड्यात जास्त दणके खाते, आणि तेव्हाचे टायर भरीव रबराचे. ती अडचण बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने सोडवली. आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी त्याने हवा भरलेला टायर बनवला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. चौकटीचे कोडेही पाचसात वर्षांत सुटले. चार काड्यांचा चौकोन खिळ्यांनी जोडून दाबा, तो वाकडा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा, होत नाही. सायकलीच्या चौकटीत किती त्रिकोण आहेत ते पहा, म्हणजे कमीत कमी नळ्यांत तिला ताठरपणा कसा येतो ते कळेल. १८९० च्या दशकात बहुतेक कारखाने त्याच चौकटीवर आले.

यात स्टार्लीची नक्कल झाली का? झालीच की. पण नक्कल तर उंच चाकाचीही होत होती. ती टिकली नाही आणि ही टिकली, हे नुसत्या नक्कल या शब्दाने उलगडत नाही.

वारा कुणाला सोडत नाही

आता मोटार. तुमच्या आजोबांना विचारा. ॲम्बॅसेडर, फियाट आणि जीप या गाड्या संध्याकाळच्या अंधुक उजेडात नुसत्या आकारावरून ओळखता येत. आज महामार्गावर उभे राहा आणि दुरून येणारी गाडी कोणत्या कंपनीची ते बिल्ला न पाहता सांगा. माझा मुलगा सांगतो, मला जमत नाही.

हवेतून जाणारी वस्तू दर सेकंदाला वाटेतली काही हवा बाजूला ढकलते. ती हवा किती? घनता × समोरचे क्षेत्रफळ × वेग. तिला मिळणारा वेगही मोटारीच्या वेगाच्या प्रमाणात असतो. म्हणून रेट्यात वेग दोनदा येतो. सूत्र असे आहे :

हवेचा रोध = ½ × हवेची घनता × रोध गुणांक × समोरचे क्षेत्रफळ × (वेग)²

यातला 'रोध गुणांक' म्हणजे आकाराची किंमत. तेवढाच काय तो कारागिराच्या हातात. जुन्या फोक्सवॅगन बीटलचा गुणांक ०.४८ च्या आसपास होता. १९८२ साली आलेल्या आउडी १०० चा ०.३० होता. फरक किरकोळ वाटतो ना? आकडे घालून पाहू. घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर, समोरचे क्षेत्रफळ दोन्हींना २ चौरस मीटर मानू, वेग ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. पहिल्या गुणांकाला रोध ३६० न्यूटन येतो, दुसऱ्याला २२५. याला वेगाने गुणले की नुसती हवा बाजूला सारायला लागणारी शक्ती मिळते : ९,००० वॅट आणि ५,६२५ वॅट. सुमारे बारा अश्वशक्ती आणि साडेसात अश्वशक्ती. हा साडेचार अश्वशक्तींचा फरक टाकीतल्या पेट्रोलमधूनच भरावा लागतो.

हेच गणित सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरला करा. रोध ५८ आणि ३६ न्यूटन. इतक्या थोड्यासाठी कोण डोके शिणवणार? आपली रिक्षा चेपलेल्या डब्यासारखी असली तरी कुणाचे अडत नाही, ते यामुळे. ती गल्लीबोळांतली प्रजा. ॲम्बॅसेडरचा मूळ नमुना १९५० च्या दशकातली ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड. आपल्या तेव्हाच्या रस्त्यांवर वाऱ्याची पर्वा करण्याइतका वेग क्वचितच मिळे, आणि २०१४ पर्यंत ती गाडी त्याच देहाने निघत राहिली.

पश्चिमेकडच्या कारखान्यांना हे गणित पूर्वीपासून ठाऊक होते. चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा कंपनीने १९३४ सालीच प्रवाहरेखित मोटार बनवली होती. पण पेट्रोल स्वस्त असताना गिऱ्हाइकाला लांबरुंद, पंख फुटलेल्या, चकचकीत गाड्या हव्या होत्या. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलाचे संकट आले. काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपाला सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला. १९७५ साली अमेरिकेत मोटारींच्या सरासरी इंधनवापरावर बंधने घालणारा कायदा झाला. सगळ्या कंपन्या एकाच दिवशी एकाच परीक्षेला बसल्यासारख्या झाल्या, आणि पेपर काढणारी होती हवा.

आदर्श आकार तसा सगळ्यांना माहीत आहे. पुढून गोल आणि मागे लांबच लांब निमुळती शेपटी. असे का, ते घरी पाहता येईल, मात्र मोठे माणूस जवळ असू द्या. मेणबत्ती पेटवा. तिच्यापुढे चारपाच सेंटिमीटरवर पोस्टकार्ड उभे धरा आणि कार्डावर समोरून फुंकर घाला. ज्योत विझत नाही, उलट कार्डाकडे, म्हणजे तुमच्याच दिशेने झुकते! आता कार्डाच्या जागी तेवढ्याच रुंदीची गोल बाटली ठेवा आणि फुंका. बाटली मध्ये असूनही ज्योत मागे ढळते, बहुधा विझतेच. कार्डाच्या कडेशी हवा सुटते, मागे भोवरे होतात आणि तिथला दाब कमी पडतो. बाटलीभोवती हवा अंगाला चिकटून वळते आणि पलीकडे पुन्हा एकत्र येते. म्हणजे मोटारीची खरी अडचण नाकापेक्षा पाठीला आहे. भोवऱ्यांचा कमी दाब तिला मागे ओढत राहतो.

पण मीटरभर लांब शेपटीची गाडी गॅरेजात कशी लावणार? १९३० च्या दशकात जर्मनीत वुनिबाल्ड काम आणि त्याच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की शेपटी हलक्या उताराने सुरू करून मध्येच सरळ कापून टाकली तरी फारसे बिघडत नाही. बराचसा फायदा हाती राहतो आणि लांबी वाचते. ही कापलेली शेपटी आली की गाडीच्या आकाराचा उरलेला भाग जवळजवळ ठरूनच जातो. आत चार माणसे ताठ बसली पाहिजेत, म्हणून टपाचा उंच भाग त्यांच्या डोक्यांवर. पुढच्यांचे डोके उंच, मागच्यांचे थोडे खाली चालते, म्हणून उतार मागे. टोयोटाची २००३ सालची प्रियस (गुणांक ०.२६) आणि होंडाची २००९ सालची इनसाइट शेजारी उभ्या केल्या तर बाजूने जुळ्या बहिणी वाटतात. आणि त्या थर्मोकोलच्या मोटारीला शेजारी ठेवले असते, तर ती तिसरी बहीण शोभली असती. परीक्षकाला हे कळायला हवे होते.

हल्ली वातविवरात नमुना नेण्याआधीच हवेचा प्रवाह संगणकावर सोडवून पाहतात. त्यासाठी वापरायची नेव्हिए आणि स्टोक्स यांची समीकरणे एकोणिसाव्या शतकातली, सगळ्या जगाला खुली. दहा वर्गांत दहा मुलांना तेच उदाहरण दिले, तर हुशार मुलांची उत्तरे जुळतात. न जुळणाऱ्यांचीच चौकशी करावी लागते.

प्राणिशास्त्र शिकलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. शार्क हा मासा, डॉल्फिन हा सस्तन प्राणी आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला इक्थिओसॉर हा सरपटणाऱ्यांपैकी. तिघांची कुळे निराळी, पण देह एकाच साच्यातले. एकमेकांकडे पाहून त्यांनी काही तो घेतलेला नाही.

सगळेच हवेने केलेले नसते

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे कारखानदार निर्दोष, सारी करणी निसर्गनियमांची. थांबा. माझ्या विषयाचा मला अभिमान असला, तरी पदार्थविज्ञानाच्या डोक्यावर नको ते श्रेय मी बसवणार नाही.

अर्थशास्त्रातले एक गणित पहा. अमेरिकेतील हॅरॉल्ड हॉटेलिंग याने ते १९२९ साली मांडले. आपण ते चौपाटीवर नेऊ. एक किलोमीटर लांबीची चौपाटी, माणसे सारखी पसरलेली, आणि दोन भेळवाले. भेळ तीच, भाव तोच. माणूस जवळच्या गाडीकडे जातो. गिऱ्हाइकांच्या सोयीचे म्हणाल तर एक गाडी २५० मीटरवर आणि दुसरी ७५० मीटरवर हवी. कुणालाही २५० मीटरपेक्षा जास्त चालावे लागणार नाही, सरासरी १२५ मीटर. दोघांना निम्मे निम्मे गिऱ्हाईक.

आता पहिला रोज थोडा थोडा सरकत ४५० मीटरवर येतो. दोन गाड्यांच्या बरोबर मधली रेघ आता ६०० मीटरवर गेली. त्याला ६०० मीटरचे गिऱ्हाईक, दुसऱ्याला उरले ४००. दुसरा काय स्वस्थ बसेल? तोही सरकतो. शेवटी दोघे ५०० मीटरवर पाठीला पाठ लावून उभे. धंदा पुन्हा निम्मा निम्मा, म्हणजे मिळवले कुणीच काही नाही. आणि गिऱ्हाइकांची सरासरी पायपीट २५० मीटर, बरोबर दुप्पट. टोकाच्या माणसाला अर्धा किलोमीटर.

चौपाटीच्या जागी बिस्किटाचा गोडवा घ्या, साबणाचा वास घ्या, मोबाइलचा आकार घ्या. बहुतेकांना चालेल अशा मध्यावर सगळे गोळा होतात आणि ज्यांची आवड टोकाची, त्यांच्या वाट्याला पायपीट येते. इथे हवेचा, गुरुत्वाचा काही संबंध नाही.

मोबाइलचेच पहा. २००७ साली ॲपलचा आयफोन आला. त्याआधी घडीचे, सरकते, बटणांचे असे शंभर तऱ्हांचे फोन होते. नंतर सगळे काचेच्या पाटीसारखे झाले. पडद्यालाच बटणे करायची, तर पुढची सारी बाजू पडदा होणार, हे ओघानेच आले. पण कोपऱ्यांची गोलाईही तीच का? यावर ॲपल आणि सॅमसंग यांचा खटला २०११ पासून २०१८ पर्यंत चालला. २०१२ साली ज्युरीने सॅमसंगला एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितले, पुढे रक्कम कमी झाली आणि अखेर दोघांनी तडजोड केली. गंमत अशी, की हा तंटा चालू असतानाच २०१७ सालच्या आयफोन टेनचा पडदा सॅमसंगच्याच कारखान्यातून येत होता! सगळे जण पडदा, कॅमेरा, बॅटरी मोजक्या कारखान्यांतून घेणार, तर पोटात तेच आणि बाहेर वेगळे होणार तरी किती?

नियमांनीही सारखेपणा येतो. मघाशी सायकलीची गोष्ट अर्धी सोडली होती. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉर नावाच्या स्वाराने तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडून १९१४ पासूनचा विक्रम मोडला. त्याची सायकल शार्ल मोशे याने बनवलेली, आरामखुर्चीसारखी रेलून चालवायची. समोरचे क्षेत्रफळ कमी, म्हणून हवेचा रोध कमी. आपले सूत्रच तिथे काम करत होते. पण पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघाने शर्यतीच्या सायकलीची व्याख्या अशी केली, की रेलून चालवायची सायकल तिच्यात बसेना. शर्यतीत नाही, म्हणून नावलौकिक नाही. नावलौकिक नाही, म्हणून खप नाही. सायकलींचा सारखेपणा पूर्णपणे त्रिकोणाने आणि चेनने आणला असे मी वर भासवले असेल, तर तेवढे दुरुस्त करून घ्या.

हजार तासांचा दिवा

आता सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण. तुमच्या घरी एलईडी दिवे असतील, पण तारेचा पिवळा बल्ब पाहिलेला असेलच. कोणत्याही कंपनीचा घ्या, आयुष्य सुमारे १,००० तास. इतका नेमका सारखेपणा कसा आला?

डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे जगातल्या मोठ्या दिवेवाल्या कंपन्यांनी 'फीबस' नावाचा संघ स्थापला. ओसराम, फिलिप्स यांच्यासारख्या कंपन्या त्यात होत्या. त्यांनी बाजार वाटून घेतले आणि दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणायचे ठरवले. त्याआधी दीड-दोन हजार तास चालणारे दिवे मिळत. सभासदांच्या दिव्यांची चाचणी होई आणि ज्याचे दिवे ठरल्यापेक्षा जास्त टिकत, त्याला दंड! दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत हा संघ चालला.

वाचून राग येतो ना? मलाही आला होता. पण जरा तारेकडे पाहू. टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसला तापते तेव्हा प्रकाश देते. जितकी जास्त तापेल तितका तेवढ्याच विजेत जास्त प्रकाश; पण तितकी तिची वाफही लवकर होते आणि ती तुटते. विजेचा दाब ५ टक्क्यांनी वाढवला तर प्रकाश सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो आणि आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. दाब कमी केला की उलटे. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर गावच्या अग्निशामक केंद्रात १९०१ पासून लावलेला एक दिवा शंभराहून अधिक वर्षे टिकला, याचे कौतुक तुम्ही वाचले असेल. तो किती उजेड देतो ते मात्र कुणी सांगत नाही. चार वॅटच्या दिव्याइतका, निखाऱ्यासारखा.

६० वॅटचा दिवा १,००० तासांत ६० युनिट वीज खातो. तिची किंमत दिव्याच्या किमतीच्या कितीतरी पट होते. दीर्घायुषी पण मंद दिवा घेतला तर तेवढ्याच उजेडासाठी वीज जास्त जाळावी लागेल आणि दिव्यात वाचवलेले पैसे बिलात जातील. १९५१ साली ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने या उद्योगाची चौकशी केली, तेव्हा सर्वसाधारण वापराला १,००० तास ही तडजोड वाजवी आहे, असेच मत पुढे आले.

मग फीबसवाले साव होते का? मला तसे वाटत नाही. आकडा वाजवी असेल. पण उंच जिन्यावरच्या दिव्यासाठी, जिथे बदलायला शिडी आणि माणूस लागतो, एखाद्याला मंद आणि टिकाऊ दिवा हवा असेल की नाही? तो बनवणाऱ्याला दंड कशासाठी? हवेच्या रोधाला कधी दंड करावा लागला नाही. वेगळा आकार काढणाऱ्याला पेट्रोल जास्त लागते, इतकेच. ज्याला परवडेल त्याने खुशाल काढावा. माझ्या मोबाइलची बॅटरी फुगली तेव्हा दुकानदाराने मला सांगितले, की ती डिंकाने चिकटवलेली आहे, नवा फोनच घ्या. पूर्वी मागचे झाकण नखाने उघडून बॅटरी काढता येई. जवळजवळ साऱ्या कंपन्यांनी ते बंद केले. फोन पातळ होतो, पाणी आत शिरत नाही, ही कारणे खोटी नाहीत. पण युरोपीय संघाला २०२३ साली कायदा करून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असे सांगावे लागले, म्हणजे हा सारखेपणा निव्वळ पदार्थविज्ञानाचा नसावा.

त्या मुलीची आणि माझी नंतर एकदा भेट झाली. मी तिला हे सगळे, प्रियस आणि काम आणि भेळवाले, उत्साहाने सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "सर, मग कुकर अजून दोन प्रकारचे का?"

मी गप्प झालो. खरेच की! एका प्रकारच्या कुकरचे झाकण आतून बसते. ते तिरपे करून आत घालायचे, वर ओढायचे आणि दांडी अडकवायची. दुसऱ्याचे बाहेरून बसते, फिरवून खाचांत अडकते. आपल्या स्वयंपाकघरांत दोन्ही तऱ्हा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी नांदत आहेत. काम एक, वाफ एक, तांदूळही तोच. वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. शिट्टीच्या सुमारास आतला दाब बाहेरच्याहून चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम वजनाइतका जास्त. म्हणजे झाकणाखाली तीनशे किलोग्रॅमहून अधिक भाराचा रेटा! आतल्या झाकणाला हा रेटा काठावर अधिकच घट्ट दाबून धरतो, वाफ आहे तोवर ते उघडतच नाही. बाहेरच्या झाकणात तोच रेटा खाचांना सोसावा लागतो, पण तोंड गोल आणि मोकळे राहते, मोठी भांडी सहज आत जातात.

"म्हणजे दोन्ही बरोबर?" तिने विचारले.

मी म्हटले, तू मोजून सांग. तिच्या घरी एका तऱ्हेचा आहे आणि शेजारच्या काकूंकडे दुसऱ्या तऱ्हेचा. सध्या दोन्हींत तेवढेच पाणी घालून, गॅस त्याच आचेवर ठेवून पहिली शिट्टी किती वेळात होते आणि शिट्टीनंतर झाकण उघडायला किती मिनिटे थांबावे लागते, याची नोंद चालली आहे. काकूंची डाळ त्यात दोनदा गाळ झाली, असे ऐकतो.